पोलीस ठाणं आणि फायर स्टेशन कागदावर उतरवताना: ठाणे ते बेलापूर

निघण्याआधी

कादंबरीतला फिर्यादी पोलीस ठाण्यात शिरतो, सरळ वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये जातो, खुर्ची ओढून बसतो आणि बोलायला लागतो. खऱ्या ठाण्यात तेवढं अंतर कापायला त्याला दोन टेबलं, एक बाकडं आणि कधी कधी दोन तास लागतात. म्हणून कथेसाठी पोलीस ठाणी आणि फायर स्टेशनं पाहायच्या या पाच दिवसांच्या फेरीत खोल्या मोजण्यापेक्षा माणसं, मुद्देमाल आणि पाणी कुठल्या वाटेने फिरतं तेच टिपायचं ठरलं.

परवानगीचा अर्ज एका पानाचा आणि मराठीत. पोलिसांसाठी परिमंडळाच्या उपायुक्तांच्या नावाने, अग्निशमनासाठी महापालिकेच्या मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांच्या नावाने. आपण कोण, काय लिहितोय, कुठला भाग पाहायचाय आणि कुठला पाहायचा नाही, एवढंच त्यात असावं. शेवटचा मुद्दा सगळ्यात कामाचा. ‘हत्यार कक्ष, बिनतारी कक्ष पाहण्याची विनंती नाही, आरोपी असताना कोठडीकडे जाणार नाही, फोटो काढणार नाही’ हे आपणच लिहून दिलं की समोरच्याची निम्मी धास्ती जाते. अर्ज आवक-जावक टेबलावर देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायची. पोच नसली की आठ दिवसांनी अर्ज कुठे गेला ते कोणालाच सांगता येत नाही.

दहीहंडी ते अनंत चतुर्दशी, नवरात्र आणि निवडणुका हे दिवस विसरा. सगळं मनुष्यबळ बंदोबस्ताला असतं. जानेवारीचा पहिला आठवडा उत्तम. २ जानेवारीच्या महाराष्ट्र पोलीस स्थापना दिनानिमित्त त्या आठवड्यात शाळकरी मुलांना ठाणी दाखवतात, हत्यारं टेबलावर मांडून ठेवतात. फायर स्टेशनसाठी १४ ते २० एप्रिलचा अग्निशमन सेवा सप्ताह. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. हा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ. माहिती अधिकारात इमारतीचा नकाशा मागू नका. सुरक्षेचं कारण देऊन नकार येतो आणि तोंडी मिळणारी मदतही आटते.

सोमवार: ठाणे पश्चिम, हद्दी

पहिला दिवस इमारतीत न शिरता हद्दी समजून घेण्यात घालवला. कुठल्या ठाण्यात प्रसंग घडवायचा हे ठरल्याशिवाय त्याचा नकाशा काढण्यात अर्थ नाही.

लोकलमध्ये मुलुंड सुटल्यावर मोबाइल हिसकावला तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे. ठाण्याचं रेल्वे पोलीस ठाणं स्टेशनात असलं तरी ते ठाणे शहर पोलिसांचं नाही, मुंबई लोहमार्ग पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येतं. तोच मोबाइल बाहेर रिक्षाच्या रांगेत गेला तर शहर पोलीस. आणि खाकीतला तिसरा जो दिसतो तो आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा. त्याचं मुख्य काम रेल्वेची मालमत्ता आणि प्रवासी यांची राखण. त्याला खुनाचा तपास देणाऱ्या कथा बऱ्याच आहेत.

खाडी हा रहस्यकथा लिहिणाऱ्याला मिळालेला खजिना आहे. ठाण्याच्या खाडीला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई अशी तीन आयुक्तालयं लागतात. ओहोटीला प्रेत कुठल्या काठाला लागलं यावर अकस्मात मृत्यूची नोंद कुठे होणार ते ठरतं. मात्र ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून फिर्यादीला परत पाठवण्याचा जुना प्रसंग आता जपून लिहावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र असेल तर माहिती नोंदवून घ्यावीच लागते. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदतात आणि संबंधित ठाण्याकडे वर्ग करतात. नाट्य संपत नाही, त्याची जागा बदलते: नकाराऐवजी कागद वर्ग होण्यात गेलेले तास.

मध्यवर्ती कारागृह बाहेरूनच पाहिलं. ते जुन्या किल्ल्यात आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. लेखकाला त्यातून एकच गोष्ट घ्यायची: कारागृह हे वेगळं खातं. पोलीस कोठडीतला आरोपी तिथे नसतो, न्यायालयीन कोठडी मिळाल्यावर जातो. ओळख परेडही बहुधा तिथेच होते, पोलीस ठाण्यात नाही. ती कार्यकारी दंडाधिकारी घेतात आणि तपास करणारे पोलीस तिथे हजर नसतात. काचेपलीकडे ओळीने उभे केलेले संशयित आणि शेजारी कुजबुजणारा निरीक्षक हे चित्र आपल्याकडचं नाही.

मंगळवार: पोलीस ठाण्याच्या आत

वेळ दुपारी तीन ते पाच. सकाळी हजेरी आणि कोर्टाची धावपळ, संध्याकाळी सातनंतर तक्रारदारांची गर्दी. कुठलं ठाणं ते मुद्दाम लिहीत नाही. मांडणी शहरातल्या बहुतेक ठाण्यांत थोड्या फरकाने हीच.

फाटकातून आत आल्यावर आधी जप्त वाहनं. यांच्याकडे नीट बघा. एका स्कूटरच्या हँडलला तारेने बांधलेलं लेबल पावसाने धुऊन कोरं झालेलं, म्हणून गुन्हा रजिस्टर नंबर आणि साल मडगार्डवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं, तेही गंजाच्या पोपड्याबरोबर अर्धं गळलेलं. ‘ठाण्याच्या आवारात जुनी वाहने पडली होती’ या वाक्यापेक्षा असा एक मडगार्ड भारी. नव्या कायद्यात मुद्देमालाचे फोटो आणि वर्णन करून तो लवकर निकाली काढण्याची तरतूद आहे, त्यामुळे २०२४ नंतरच्या कथेत ढीग दाखवायचा तर जुन्या गुन्ह्यांचा दाखवावा.

दारात फलक: ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद, हद्दीचा नकाशा, जन माहिती अधिकाऱ्याचं नाव, अटकेतल्या व्यक्तींची माहिती. आत शिरताच समोर ठाणे अंमलदाराचं, म्हणजे त्या पाळीत ठाणं सांभाळणाऱ्याचं टेबल. ते दाराकडे तोंड करून असतं, कारण आत येणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्या नजरेला पडला पाहिजे. टेबलावर स्टेशन डायरी, फोन, चार्जिंगला लावलेले वॉकीटॉकी, शेजारी सीसीटीएनएसचा, म्हणजे पोलीस ठाणी जोडणाऱ्या जाळ्याचा संगणक. भिंतीलगत बाकडं. फिर्यादीची पहिली वाट इथे संपते. इथेच ठरतं की एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून पाठवायचं, गुन्हा दाखल करायचा की ‘साहेब येईपर्यंत बसा’.

गुन्हा दाखल करताना अधिकारी किंवा अंमलदार जबाब टंकतो, प्रिंट काढतो, फिर्यादी वाचून सही करतो आणि एक प्रत त्याला मोफत मिळते. नेट गेलं, प्रिंटरचा कागद अडकला की सगळं थांबतं. लेखकाला हे थांबणं सोन्यासारखं आहे: बाकड्यावर फिर्यादी आणि ज्याच्यावर संशय आहे त्याचा भाऊ शेजारीशेजारी बसलेले असू शकतात.

पुढे बोळ. एका बाजूला वरिष्ठ निरीक्षकांची केबिन. बाहेर ऑर्डर्ली, त्याला ओलांडून कोणी जात नाही. मग गुन्हे निरीक्षक, गोपनीय अंमलदार, बारनिशी (आवक-जावक टपालाचं टेबल), हजेरीचं टेबल, महिला कक्ष. गुन्हे प्रकटीकरण पथक, म्हणजे सगळे ज्याला डीबी म्हणतात, ते बहुधा मागच्या बाजूला किंवा वरच्या मजल्यावर. खबऱ्याला पुढच्या बाकड्यावरच्या गर्दीसमोरून न्यायचं नसतं. चौकशी इथेच होते, प्लास्टिकच्या खुर्चीवर, पंख्याखाली. एकतर्फी काचेची खोली आणि छताला लटकणारा एकुलता दिवा विसरून जा.

कोठडी अंधाऱ्या तळघरात नसते. ती गार्डच्या आणि शक्यतो ठाणे अंमलदाराच्या टप्प्यात असते, कारण कोठडीत काही झालं तर पहिलं उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. आत हुक नाही, खालच्या उंचीवर पंखा नाही, विजेचा पॉइंट नाही; दिवा गजाबाहेर. आत टाकण्याआधी अंगझडती होते आणि पट्टा, नाडा, बुटाच्या लेस काढून नोंदवतात. आरोपी पँट हाताने धरून चालतो, हे एका वाक्यात लिहिलं तरी पुरतं. प्रत्येक ठाण्याला स्वतःची कोठडी असतेच असं नाही. शेजारच्या ठाण्याची वापरतात, महिलांची तर मोजक्याच ठिकाणी. त्यामुळे चौकशी एकीकडे आणि रात्रीचा मुक्काम दुसरीकडे, मध्ये जीपचा प्रवास. आरोपी पळवायचाच असेल तर तो या प्रवासात पळवा. महिलेची अटक सूर्यास्त ते सूर्योदय होत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकारी दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊनच ती करते.

कॅमेरे: सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी प्रकरणात यादीच दिली आहे. आत-बाहेर जाण्याची दारं, मुख्य फाटक, सगळ्या कोठड्या, बोळ, व्हरांडा, निरीक्षक आणि उपनिरीक्षकांच्या खोल्या, स्वच्छतागृहाच्या बाहेर, ठाण्याची मागची बाजू. आवाजासह चित्रण, रात्री दिसणारं, साठवण १८ महिने, किमान वर्षभर. म्हणजे आजच्या कथेत ठाण्यात काही लपवायचं तर कॅमेरा बंद का होता याचं कारण आधी तयार ठेवा. ‘नेमका बिघडला होता’ यावर वाचकाचा विश्वास बसत नाही. डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, कुठल्या खोलीत आहे आणि तिची चावी कोणाकडे, इथून सुरुवात करा.

मुद्देमाल कक्ष लहान, खिडकीला जाळी, आत कारकून आणि त्याचं रजिस्टर. वस्तू पाकिटात, त्यावर पंचांच्या सह्यांचं लेबल, लाखेची मोहोर. रक्ताचे कपडे आधी सावलीत वाळवतात आणि कागदात बांधतात. प्लास्टिकमध्ये ओल कोंडून बुरशी धरते आणि नमुना वाया जातो. चकचकीत झिपची पिशवी दाखवणारा लेखक इथे सापडतो. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे सक्तीचं झालंय, त्यामुळे पंचनाम्याच्या प्रसंगात कोणीतरी मोबाइल धरून उभा हवाच. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी येण्याची तरतूदही झालीय.

कलमांचे आकडे तपासा. खून आता भारतीय न्याय संहितेत १०३, चोरी ३०३, फसवणूक ३१८. पण बोलताना जुना हवालदार अजून ‘तीनशे दोन’च म्हणतो, आणि कागदावर १०३ लिहितो. दोन्ही ठेवा.

मोजमापाची युक्ती: टेप काढायची नाही. दोन फुटी फरशा मोजायच्या, फरशी नसेल तर पावलं. घरी दहा मीटरला आपली किती पावलं पडतात ते आधी पाहून ठेवायचं. रेखाटन आत बसून करू नये. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही असा निर्वाळा दिलाय, पण समोरच्या अंमलदाराला हे सुनावून काही साधत नाही. बाहेर चहाच्या टपरीवर पंधरा मिनिटांत आठवणीने काढलेलं चित्र पुरेसं अचूक येतं.

बुधवार: ठाण्यातली फायर स्टेशनं

जवाहर बाग केंद्र जुन्या बाजारपेठेच्या भागात, बाळकूमचं उंच इमारतींच्या पट्ट्यात. एकाच महापालिकेच्या दलाला एकीकडे गल्ल्या आणि दुसरीकडे टॉवर. कथेसाठी एक निवडा. दोन्हींची घाई वेगळी असते.

फायर स्टेशनची मांडणी पोलीस ठाण्याच्या उलट: सगळं बाहेर पडण्यासाठी. गाड्या रस्त्याकडे तोंड करून, पुढे मोकळा चौथरा, शटर किंवा नुसतं मोकळं गॅरेज. मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीची रुंदी २.६ मीटरच्या आत, पण एका गाडीला निदान चार मीटर जागा धरा, कारण दोन्ही बाजूंचे लॉकर उघडून माणूस उभा राहिला पाहिजे. जमिनीचा उतार रस्त्याकडे, म्हणजे गाडीतलं गळलेलं पाणी आत साचत नाही.

वॉच रूम गॅरेजला लागून, मध्ये काचेची खिडकी. वर्दी, म्हणजे मदत मागणारी खबर, इथे येते. ड्युटीवरचा माणूस क्रमाने विचारतो: जागा, जवळची खूण, काय जळतंय, कोणी अडकलंय का, फोन नंबर. मग बेल. यातलं काही सुटलं तर काय होतं? नंबर घ्यायचा राहिला आणि ‘शिवाजी चौकाजवळ’ एवढ्यावर फोन कटला, तर गाडी भलत्याच शिवाजी चौकात जाते. चांगलं प्रकरण अशा चुकीवर उभं राहतं, खलनायकाची गरज पडत नाही. गाडी एका मिनिटाच्या आत बाहेर पडणं अपेक्षित असतं. पुढचा वेळ रस्ता ठरवतो.

मागच्या बाजूला ड्रिल टॉवर. सरावाला वापरतात तसा ओले होज, म्हणजे पाणी मारायचे पाइप, वाळवायलाही. १५ मीटरचा होज मधोमध दुमडून टांगला तरी आठ मीटर उंची लागते, त्यावरून टॉवरचे मजले ठरवा. होज ६३ मिलिमीटर व्यासाचा. आवारात जमिनीखाली टाकी, शेजारी गाडीत वरून पाणी सोडायची ओव्हरहेड भरणी. जवानांची विश्रांतीची खोली गॅरेजपासून एका दाराच्या अंतरावर; गमबूट रांगेत, फायर सूट खुंटीवर किंवा गाडीच्या लॉकरमध्ये. खांबावरून घसरत येणारा जवान दाखवायचा असेल तर आधी ते केंद्र किती मजली आहे ते बघा.

आकडे हाताशी असले की प्रसंग आपोआप घट्ट होतो. वॉटर टेंडरमध्ये, म्हणजे पाण्याच्या बंबात, साधारण ४५०० लिटर पाणी. २० मिलिमीटर नोझलमधून ४ बार दाबाने मिनिटाला सुमारे ५३० लिटर जातं. म्हणजे एका ब्रँचवर (होजच्या टोकाला हातात धरायची नोझलची नळी) आठेक मिनिटं, दोनवर चार. त्याच्या आत दुसरी गाडी किंवा हायड्रंट (आगीसाठीचा पाण्याचा नळ) जोडला नाही तर पाणी संपतं आणि ब्रँच धरलेला माणूस आगीसमोर रिकामा उभा राहतो. श्वसनयंत्र, म्हणजे बीए सेटचा सिलिंडर ६.८ लिटरचा, ३०० बारला भरलेला. हवा साधारण २०४० लिटर. शांतपणे श्वास घेतला तर पाऊण तासाच्या वर, पण जिने चढताना आणि माणूस ओढताना निम्म्या वेळात संपते. ५५ बारच्या आसपास शिटी वाजायला लागते आणि थांबत नाही. तेव्हा निघायला सुरुवात करायची नसते, बाहेर पोचलेलं असायला हवं.

बाविसाव्या मजल्यावर आग आणि जवान खालून होज ओढत नेतोय, हे दृश्य टाळा. दर दहा मीटर उंचीला जवळपास एक बार दाब कमी होतो. गुंडाळलेला होज खांद्यावर घेऊन वर जातात, आगीच्या दोन मजले खाली लिफ्ट सोडतात आणि इमारतीच्याच रायझरच्या, म्हणजे सगळ्या मजल्यांवर पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपच्या, व्हॉल्व्हला जोडतात. व्हॉल्व्हचं चाक चोरीला गेलेलं, पेटीत नोझल नाही, पंप ‘मॅन्युअल’वर ठेवलेला: आपल्याकडच्या सोसायट्यांत आग वाढते ती बहुतेकदा इथे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा ‘ब’ नमुन्यातला दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. कागदावर सही आहे आणि पंप चालत नाही, ही तुमची दुसरी फाइल.

आगीशिवायच्या वर्द्याही लिहा: पावसाळ्यात झाडपडी, मांज्यात अडकलेली घार, लिफ्टमध्ये अडकलेले आजोबा. दिवसाचा बराच भाग यातच जातो.

गुरुवार: ठाणे-बेलापूर रोड, एमआयडीसी

ठाण्याहून ट्रान्सहार्बरने रबाळे, तिथून तुर्भ्यापर्यंत. या पट्ट्यात एमआयडीसीचं स्वतःचं अग्निशमन दल आहे, नवी मुंबई महापालिकेचं वेगळं, पनवेलकडे गेलं की सिडकोचंही. मोठ्या आगीत एकाच जागी वेगवेगळे युनिफॉर्म आणि वेगवेगळे वायरलेस दिसतात. सगळ्यांचा एकच ‘चीफ’ दाखवणं चूक.

इथल्या केंद्रात फोमच्या ड्रमना जागा लागते. ३ टक्के मिश्रणात मिनिटाला ४५० लिटर सोडलं तर साडेतेरा लिटर फोम कंपाउंड जातं. २०० लिटरचा ड्रम पंधरा मिनिटांत रिकामा. म्हणून ड्रम गॅरेजच्या तोंडाशीच, फोर्कलिफ्ट किंवा माणसं वळू शकतील असे. सॉल्व्हंटच्या आगीवर नुसतं पाणी मारलं की पेटता द्रव तरंगत गटारातून शेजारच्या प्लॉटमध्ये पोचतो. गोडाऊनमध्ये काय आहे हे वॉचमनला माहीत नसणं हे म्हणून इथलं खरं संकट. सिडकोच्या धारण तलावातून (भरती-पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यातून) पाणी ओढायचं म्हटलं तर पंप साधारण सात मीटर खोलीपर्यंतच खेचतो, ओहोटीला पातळी उतरते, गाळाने सक्शनची जाळी बुजते. आणि खारं पाणी वापरल्यावर केंद्रात परतून पंप गोड्या पाण्याने धुवावाच लागतो. आग विझल्यानंतरचं हे तासभराचं काम कोणी लिहीत नाही; थकलेल्या माणसांच्या गप्पा मात्र तिथेच होतात.

शुक्रवार: बेलापूर

पोलीस आयुक्तालय आणि न्यायालय, दोन्ही बाहेरून. पाहण्यासारखं थोडं, मोजण्यासारखं वेळापत्रक. रात्री आठला अटक झाली की अटकेचा कागद, नातेवाइकांना कळवणं, रुग्णालयात तपासणी, कोठडीची नोंद. सकाळी रिमांडचा अर्ज, केस डायरी. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर. यात वाशीपुढचा ट्रॅफिक आणि रुग्णालयातली रांग धरली की तपास अधिकाऱ्याला प्रत्यक्ष चौकशीला उरतात चारपाच तास. तेवढ्यात कबुलीजबाब मिळवणारा नायक संशयास्पद. पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतही नाही.

नकाशा काढताना ए-थ्री कागद, एक सेंटिमीटरला एक मीटर. आधी रस्ता, फाटक आणि उत्तर दिशा, मग फिर्यादी, आरोपी, मुद्देमाल यांच्या वाटा वेगवेगळ्या रंगांत, भिंती शेवटी. जिथे दोन रंग एकमेकांना छेदतात ती जागा प्रसंगासाठी राखून ठेवा. हत्यार कक्ष आणि वायरलेसची जागा खऱ्या ठाण्याप्रमाणे ठेवू नका, दोन ठाण्यांची मांडणी एकत्र करा आणि नाव काल्पनिक द्या. मग तो कागद आणि प्रकरण एखाद्या निवृत्त अंमलदाराला, फायरचं असेल तर निवृत्त सब ऑफिसरला वाचायला द्या. भाषेवर लाल रेघा मारू नका असं आधीच सांगा आणि तीनच प्रश्न विचारा: रात्री दोनला या टेबलावर कोण असतं, ही चावी कोणाच्या ताब्यात, आणि हा माणूस इथून तिथे जाताना त्याला कोण हटकेल.